स्पेक्ट्रोस्कोपिस्टचा प्रभाव कुठे शोधायचा?

भौतिक रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. पीएच.डी.साठी दोन प्राध्यापक तिला घ्यायला तयार आहेत. एक सेंद्रिय रसायनशास्त्रातले, एच-इंडेक्स ४८. दुसरे एनएमआर स्पेक्ट्रोस्कोपीतले (चुंबक आणि रेडिओलहरी वापरून रेणूची रचना ओळखण्याचं शास्त्र), नव्या मापनपद्धती बांधणारे, एच-इंडेक्स १९. सीनियर म्हणतात, आकडा बघ आणि मोकळी हो. तिला मात्र दुसऱ्यांचं काम आवडलंय. ती विचारते, "स्पेक्ट्रोस्कोपीत काम करणाऱ्या माणसाच्या संशोधनाचा प्रभाव नेमका कशावरून ओळखायचा?"

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. २६ वर्षं मी एनएमआर मशीनसमोर बसतोय. आधी सरकारी प्रयोगशाळेत, आता औषध कंपन्यांची सॅम्पलं चालवून देणाऱ्या लॅबमध्ये. त्यामुळे माझं माप पद्धतवाल्यांकडे झुकणार, ते गृहीत धरूनच वाचा.

आकडा आधी उरकू. एच-इंडेक्स १९ म्हणजे त्या माणसाचे १९ पेपर असे आहेत की प्रत्येकाचा इतरांनी किमान १९ वेळा संदर्भ दिलाय. बस, इतकंच. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे माप सुचवलं आणि निवड समित्यांना ते भलतंच आवडलं, कारण पेपर वाचायचे कष्ट वाचले. सेंद्रिय रसायनशास्त्रात माणसं जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपराखालची संदर्भांची शेपटी लांब. एनएमआर पद्धतींवर काम करणारे गट तुलनेने मूठभर. एकाच्या शेतात ऊस आहे, दुसऱ्याच्या शेतात हळद. टनांत तुलना करून काय हाती लागणार?

पण तुमचा खरा प्रश्न त्यापुढचा आहे, आणि तो एका माणसाच्या कामावरून जितका उलगडतो तितका व्याख्येवरून उलगडत नाही. तो माणूस म्हणजे रिचर्ड अर्न्स्ट. जन्म १९३३, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा. १३ वर्षांचे असताना घराच्या माळ्यावर त्यांना एका दिवंगत इंजिनिअर नातलगाची रसायनांनी भरलेली पेटी सापडली आणि पोरगं स्फोट करत रसायनशास्त्रात शिरलं. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातून १९६२ मध्ये एनएमआरवर पीएच.डी. केली. पण तेव्हा आपल्या कामाचा कुणाला काही उपयोग आहे असं त्यांना वाटेना. विद्यापीठाला कंटाळून ते १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला व्हेरियन या उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागले. हे लक्षात ठेवा. पुढे नोबेल मिळवणारा माणूस तिशीत 'माझ्या कामाचा प्रभाव शून्य' असं म्हणत होता.

तेव्हाचं एनएमआर कसं होतं ते सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. ब्लॉख आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांच्या गटांनी १९४६ मध्ये द्रव-घन पदार्थांतल्या अणुकेंद्रांचा अनुनाद (चुंबकात ठेवलेल्या केंद्रांनी ठरावीक रेडिओलहरींना दिलेला प्रतिसाद) दाखवला. १९५१ मध्ये स्टॅनफर्डहून एक पेपर आला, त्यात साध्या इथेनॉलचे तीन वेगवेगळे पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे, दिसले: एक सीएच-३ चा, एक सीएच-२ चा, एक ओएचचा, क्षेत्रफळ ३:२:१. म्हणजे एकाच रेणूतले हायड्रोजन आपापला पत्ता स्वतःच सांगतात. त्या पेपराचे लेखक तीन: अरनॉल्ड, धर्मट्टी, पॅकार्ड. यातले मधले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे एनएमआरचा गट त्यांनी उभा केला. कुलाब्याच्या त्या गटात घडलेली माणसं देशभर पांगली. धर्मट्टींचा एच-इंडेक्स शोधायला जाऊ नका, त्यातलं काही त्यात सापडणार नाही.

तर १९६३. पीक दिसत होते, पण फार बारीक. त्या काळी एकेक कंप्रतेवरून हळूहळू सरकत जायचं आणि कागदावर पेन रेघ ओढायचं. ६० मेगाहर्ट्झच्या मशीनवर हायड्रोजनचा पट्टा साधारण ६०० हर्ट्झ रुंद असतो. एक हर्ट्झचा फरक दिसायला हवा असेल तर प्रत्येक ठिकाणी सेकंदभर तरी थांबावं लागतं. म्हणजे एका फेरीला ६०० सेकंद, आणि त्यातला बहुतेक वेळ पेन रिकाम्या जागेवरून चाललेलं.

समजा अंधाऱ्या खोलीत एक बाजाची पेटी ठेवलीय आणि तिच्या कोणत्या पट्ट्या बोलतात ते तपासायचंय. एकेक पट्टी दाबून कान लावणं ही झाली जुनी रीत. अर्न्स्ट आणि व्हेरियनमधले त्यांचे वरिष्ठ वेस्टन अँडरसन यांनी काय केलं? सगळ्या पट्ट्यांवर एकदम हात आडवा टाकला, जो कल्लोळ उठला तो नोंदवून घेतला आणि गणिताने त्यातला एकेक सूर वेगळा काढला. हात आडवा टाकणं म्हणजे रेडिओलहरींचा एक छोटा स्पंद, आणि ते गणित म्हणजे फूरिये रूपांतर. ६०० सेकंदांची माहिती सेकंदाभरात. उरलेल्या ५९९ सेकंदांत तेच पुन्हा पुन्हा करा आणि बेरीज घ्या. स्कॅन चौपट केले की स्पष्टता दुप्पट होते, म्हणजे तेवढ्याच दहा मिनिटांत चोवीसपट स्पष्ट स्पेक्ट्रम.

हे १९६४ मध्ये जमलं. गणित करायला लॅबमध्ये संगणक नव्हता. आकडे कागदी पट्टीवर भोकं पाडून उतरवायचे, त्याची कार्डं करायची, ती दुसऱ्या गावातल्या आयबीएमच्या मोठ्या मशीनकडे पाठवायची आणि निकालाची वाट बघत बसायचं. म्हणजे सेकंदात मिळालेला संकेत बघायला मुक्काम करावा लागायचा!

आता प्रभाव बघा. हा पेपर 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स'ने दोनदा परत पाठवला. शेवटी १९६६ मध्ये तो 'रिव्ह्यू ऑफ सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स' या उपकरणांच्या नियतकालिकात छापून आला. पेटंट व्हेरियनचं, पण त्यावर मशीन बांधायला व्हेरियनच तयार होईना. १९६९ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रूकर कंपनीने पहिलं विकाऊ फूरिये एनएमआर मशीन करून दाखवलं तेव्हा व्हेरियनवाले बघत राहिले. १९६७ साली एखाद्या समितीने अर्न्स्टचं मूल्यमापन केलं असतं, तर शेरा काय पडला असता ते सांगायला नको.

आणि आजचं बघा. काल माझ्याकडे ४१ सॅम्पलं आली. ५ मिलिमीटरची काचेची नळी, त्यात चिमूटभर पदार्थ, ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) द्रावक, वर प्लास्टिकचं टोपण. हायड्रोजनसाठी १६ स्कॅन, दीड मिनिट. कार्बनसाठी वीस मिनिटं ते अर्धा तास, कारण एनएमआरला दिसणारा कार्बन-१३ निसर्गात शंभरात जेमतेम १.१ असतो, आणि त्याचा आवाजही हायड्रोजनपेक्षा खूप बारीक. जुन्या पद्धतीने साध्या सॅम्पलचा कार्बन स्पेक्ट्रम रोजच्या कामात काढणं अशक्यच होतं. या ४१ रिपोर्टांपैकी एकातही अर्न्स्ट आणि अँडरसनचा संदर्भ नाही. माझ्या उभ्या नोकरीत एकाही रिपोर्टात तो दिलेला मला आठवत नाही. बल्ब लावताना कोणी एडिसनचं नाव घेतं का? काम इतकं मुरलं की संदर्भ देण्याची गरजच संपली. पद्धतीच्या माणसाच्या वाट्याला हा सन्मान येतो आणि आकड्याच्या वहीत तो शून्य म्हणून चढतो.

(उलटही घडतं. प्रथिनं मोजण्याच्या लाऊरी पद्धतीचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय. तिथे संदर्भ देण्याची प्रथा पडली, इथे पडली नाही. दोन्ही पद्धतीच, फरक रिवाजाचा.)

दुसरी गोष्ट आणखी तिढ्याची. अर्न्स्ट १९६८ मध्ये झुरिकला परतले. वाटेत आशियात फिरले, काठमांडूत तिबेटी थांगका चित्रांच्या प्रेमात पडले, आणि पुढे उतारवयात घरीच रामन स्पेक्ट्रोमीटर (विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारं यंत्र) लावून त्या चित्रांतले रंग कोणत्या खनिजांचे ते ओळखत बसायचे. हे विषयांतर, पण माणूस कळावा म्हणून सांगितलं. १९७१ मध्ये त्यांचा विद्यार्थी थॉमस बाउमान युगोस्लाव्हियात बाश्को पोल्ये इथल्या उन्हाळी शिबिराला गेला. तिथे जाँ जीनर या बेल्जियन शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली: दोन स्पंद द्या, त्यांच्यामधला वेळ थोडाथोडा वाढवत न्या, आणि फूरिये रूपांतर दोन्ही दिशांनी करा. रेघेच्या जागी नकाशा मिळेल. जीनरने ते पेपर म्हणून छापलं नाही. शिबिरातल्या टिपणांतून आणि लोकांच्या तोंडून ती कल्पना झुरिकला पोचली. १९७४ च्या उन्हाळ्यात, एका परिषदेत दाखवायला हाताशी काहीच नाही अशी वेळ आली तेव्हा अर्न्स्टच्या गटाने द्विमितीय प्रयोग करून बघितले. १९७६ मध्ये आउए, बार्टोल्डी आणि अर्न्स्ट यांचा सविस्तर पेपर आला. तोही कुठे, तर 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स'मध्येच.

मूळ कल्पनेचं श्रेय जीनरचं, हे अर्न्स्टनी जागोजागी सांगितलं. पण जो पेपर छापलाच गेला नाही त्याचा संदर्भ मोजायचा कसा? जीनरच्या त्या भाषणाएवढा प्रभाव रसायनशास्त्रातल्या फार थोड्या भाषणांचा झाला असेल.

नकाशाने काय होतं, ते माझ्या टेबलावरच्या एका भांडणावरून सांगतो. कंपनीचं नाव नको. औषध बनवताना मधल्या पायरीवर लागणाऱ्या एका रसायनाची बॅच गिऱ्हाइकाने परत पाठवली, 'माल चुकीचा आहे' म्हणून. माल पायराझोलचा. पाच अणूंचं कडं, त्यात दोन नायट्रोजन शेजारी-शेजारी, आणि त्यांतल्या एकावर मिथाइल गट. तो कोणत्या नायट्रोजनवर बसलाय यावर सगळं भांडण. वस्तुमान दोन्हींचं तेच, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) पीक जवळपास एकावर एक, साध्या हायड्रोजन स्पेक्ट्रममध्ये फरक इतका किरकोळ की प्रमाण नमुना शेजारी नसेल तर शपथेवर काही सांगता येऊ नये. कारखान्यातले केमिस्ट फोनवर म्हणत होते, "साहेब, दहा वर्षं हीच प्रोसेस चालवतोय." खरेदीवाले म्हणत होते, "आज रिपोर्ट हवा."

नोएसी लावला. हा द्विमितीय प्रयोग अवकाशात शेजारी असलेले हायड्रोजन दाखवतो. बंधाने जोडलेले असोत वा नसोत, साधारण पाच अँगस्ट्रॉमच्या (मीटरच्या दोन अब्जांश भागाच्या) आत असले की नकाशावर त्यांचा ठिपका पडतो. अंतर वाढलं की ठिपका सहाव्या घाताने विझतो. मिथाइलचा सिग्नल ३.९ पीपीएमच्या (स्पेक्ट्रमच्या पट्टीवरचं एकक) आसपास. तिथून नकाशावर बोट आडवं सरकवत न्यायचं. माल बरोबर असता तर ठिपका कड्यावरच्या पाचव्या स्थानच्या हायड्रोजनसमोर पडला असता. तो पडला शेजारच्या बेन्झीन गटाच्या हायड्रोजनांसमोर. म्हणजे मिथाइल बसलं होतं त्या गटाच्या कुशीत, नको त्या नायट्रोजनवर. गिऱ्हाईक बरोबर होतं. चाळीस मिनिटांचा प्रयोग, एक ठिपका, आणि काही टन माल बाद. नंतर कळलं की एका पायरीवरचा क्षार बदलला होता, 'तसाच तर आहे' म्हणून.

हा नोएसी आला कुठून? त्याला आजचं रूप देणारा एक मूळ पेपर १९८० चा, लेखक अनिल कुमार, अर्न्स्ट आणि कुर्ट व्यूथ्रिख. अनिल कुमार म्हणजे आपले बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे. याच पद्धतींच्या जोरावर व्यूथ्रिखनी द्रावणातल्या प्रथिनांची त्रिमिती रचना काढून दाखवली आणि २००२ मध्ये नोबेल घेतलं. अर्न्स्टना ते १९९१ मध्ये मिळालं होतं, रसायनशास्त्राचं, एकट्याला. बातमी कळली तेव्हा ते मॉस्कोहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात होते.

अनिल कुमारांचं नाव आणखी एका पेपरावर आहे, १९७५ च्या, वेल्टी आणि अर्न्स्टसोबत. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये एनएमआरने चित्र काढता येतं हे दाखवलं होतं. ते काम ऐकल्यावर अर्न्स्टना सुचलं की चुंबकक्षेत्राचा उतार वेगवेगळ्या दिशांनी आळीपाळीने दिला, तर आपलीच द्विमितीय फूरिये पद्धत इथेही चालेल. आजच्या एमआरआयचं गणित याच घराण्यातलं. जिल्ह्याच्या गावी गुडघ्याचा एमआरआय काढायला नळीत आडवा झालेला माणूस तो ठकठक आवाज ऐकतो ना, तो उतार बदलणाऱ्या वेटोळ्यांचा. २००३ चं एमआरआयचं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळालं, त्यात अर्न्स्ट नव्हते. मला त्यात अन्याय वाटत नाही, पण पुरस्कारांच्या यादीवरून प्रभाव मोजणाऱ्यांनी हेही लिहून ठेवावं.

खुद्द अर्न्स्ट या आकडेमोडीवर काय म्हणत? २०१० मध्ये 'किमिया' या स्विस नियतकालिकात त्यांनी उद्धरणांच्या निर्देशांकांवर आणि विद्यापीठांच्या क्रमवारीवर एक झोंबरं टिपण लिहिलं. हे सगळं प्रकरण विश्वातल्या एखाद्या काळ्याकुट्ट कृष्णविवरात फेकून द्यावं, अशा अर्थाचं. मी इतक्या टोकाला जाणार नाही. एकाच विषयातल्या, एकाच वयाच्या दोन माणसांत आकडा ५ आणि ३० असा असेल तर तो काहीतरी सांगतो. ४८ आणि १९, तेही दोन वेगळ्या विषयांत, काहीच सांगत नाही.

मग तुम्ही बघायचं काय? त्यांचा एखादा पद्धतीचा पेपर घ्या आणि तो वापरणाऱ्यांत त्यांच्या ओळखीबाहेरचं कोण आहे ते शोधा. त्यांनी लिहिलेला पल्स प्रोग्राम (मशीनने कोणते स्पंद कधी द्यायचे त्याची आज्ञावली) दुसऱ्या लॅबमध्ये चालतो का? मशीन बनवणाऱ्यांच्या तयार संग्रहात त्यांचं काही शिरलंय का? तसं असेल तर तो पाचशे उद्धरणांना भारी. त्यांचे जुने विद्यार्थी कुठे आहेत ते विचारा, आणि त्यातल्या दोघांना फोन करा. एकटा पेपर लिहिणारा स्पेक्ट्रोस्कोपिस्ट आणि माणसं तयार करणारा स्पेक्ट्रोस्कोपिस्ट यांत पुढच्या तीस वर्षांचा फरक असतो. आणखी एक बारीक खूण: त्यांच्या पेपरांत पद्धत कुठे चालत नाही तेही लिहिलेलं असतं का? नोएसीच घ्या. हजार डाल्टनच्या (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) आसपासच्या रेणूंत त्याचा सिग्नल शून्याजवळ जातो, ठिपका दिसत नाही आणि नवखा माणूस 'शेजारी नाहीत' असं ठोकून देतो. तिथे रोएसी हा त्याचा भाऊबंद प्रयोग लावावा लागतो. ही मर्यादा जो आपणहून सांगतो त्याच्या हाताखाली शिकावं.

पहिल्या प्राध्यापकांविषयी माझ्या मनात काही नाही. सेंद्रियचं काम आवडत असेल तर जरूर जा. पण तुम्ही स्वतः लिहिलंय की आवडलंय दुसरं.

ठरवण्याआधी एक दिवस त्या एनएमआरच्या लॅबमध्ये जाऊन बसा. केबिनमध्ये नको, मशीनपाशी. द्रव नायट्रोजन कोण भरतं ते बघा, विद्यार्थी की फक्त ऑपरेटर. शिमिंग, म्हणजे चुंबकक्षेत्र एकसारखं करण्याची जुळवणी, बिघडलं तर सर स्वतः खुर्ची ओढून बसतात का, की फोन करून इंजिनिअर मागवतात. लॉगबुक चाळायला मागा, रात्री दोनच्या नोंदी कुणाच्या आहेत ते दिसेल. आणि आत जाण्याआधी पर्स आणि मोबाईल बाहेर ठेवा. माझं एटीएम कार्ड त्या चुंबकाने दोनदा पुसलंय.